चुकलेल्या उत्तराचे त्या वर्गात काय होते, ते पाहावे

दोन मुलांसाठी खासगी शाळा कशी निवडावी, हा आपला प्रश्न मी दोनदा वाचला. थोरली मुलगी नऊ वर्षांची, वाचनात रमणारी. धाकटा मुलगा पाच वर्षांचा, उशिरा बोलू लागलेला आणि अनोळखी माणसांसमोर गप्प होणारा. तीन खासगी शाळा विचाराधीन, त्यांपैकी एक फार नावाजलेली पण घरापासून लांब. नातेवाइकांचा आग्रह त्याच शाळेचा, आणि तुम्हा उभयतांचे मात्र एकमत होत नाही. माझी दोन्ही मुले खासगी शाळांत शिकली, त्यांतील मुलीची शाळा मध्येच बदलावी लागली, आणि पुढे काही वर्षे पालक प्रतिनिधी या नात्याने प्रवेशाच्या काळात नव्या पालकांना शाळा दाखवण्याचे काम मी केले. त्या अनुभवाच्या आधारे हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तुमच्या मतभेदाविषयी. मनातील अपेक्षा वेगळ्या असल्या की तीच शाळा एकाला शिस्तीची वाटते आणि दुसऱ्याला जाचाची, आणि मग शाळांची नावे घेऊन कितीही चर्चा केली तरी ती पुढे सरकत नाही. म्हणून तिन्ही शाळांची माहितीपत्रके काही दिवस बाजूला ठेवावीत आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, दोन गोष्टी लिहाव्यात : शाळा संपेल तेव्हा आपल्या मुलांच्या अंगी काय असावे, आणि शाळेतील कोणती गोष्ट आपण मुळीच चालवून घेणार नाही. आम्ही हे केले तेव्हा माझ्या कागदावर ‘अभ्यासाची नियमित सवय’ हे पहिले होते आणि माझ्या पतींच्या कागदावर ‘प्रश्न विचारायला न घाबरणे’. दोन्ही गोष्टी एकाच शाळेत मिळू शकतात, हे कागद शेजारी ठेवल्यावरच आमच्या ध्यानात आले. तोवर आम्ही महिनाभर उगाच वाद घालत होतो.

खर्चाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या शुल्कावर करू नये. शुल्क दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते असे धरले, तर दहाव्या वर्षी ते पहिल्या वर्षाच्या सुमारे २.३६ पट होते, आणि दहा वर्षांची एकूण रक्कम पहिल्या वर्षाच्या दहापट न राहता जवळजवळ सोळापट होते. दोन मुलांसाठी हाच आकडा मांडून पाहावा. मागील पाच वर्षांत शुल्क किती वाढले, हे शाळेला लेखी विचारणे पूर्णपणे रास्त आहे. वाहतूक, गणवेश, सहली, परीक्षाशुल्क आणि परत न मिळणाऱ्या अनामती हा भाग बहुधा वेगळ्या पानावर असतो, तेव्हा तो मागून घ्यावा. घरातील एकाची मिळकत सहा महिने थांबली तरी हे शुल्क भरता येईल का, हा प्रश्न अप्रिय असला तरी आताच विचारलेला बरा. मधल्या वर्गातून पैशांअभावी मुलाला काढावे लागणे त्याच्यासाठी फार कठीण जाते.

अंतराबद्दल माझे मत ठाम आहे आणि ते स्वानुभवातून बनलेले आहे. जाण्यास ४५ मिनिटे आणि येण्यास तेवढीच धरली, तर वर्षातील २०० शालेय दिवसांत मूल ३०० तास प्रवासात घालवते. आमच्या मुलीला आम्ही प्रथम घातले ती शाळा अशीच नावाजलेली आणि लांबची होती. सकाळी ती गाडीत झोपायची, संध्याकाळी घरी आल्यावर खेळण्याचे त्राण उरत नसे, आणि तिच्या वर्गमैत्रिणी इतक्या लांब राहत की सुटीत एकमेकींकडे जाणे होत नसे. दोन वर्षे आम्ही हे सवयीने सुधारेल असे म्हणत राहिलो. ते सुधारले नाही. तुमच्या नावाजलेल्या शाळेचा प्रवास नेमका किती वेळाचा आहे, हे प्रत्यक्ष शाळेच्या वेळेला, शाळेच्या गाडीच्या मार्गाने जाऊन मोजावे; स्वतःच्या वाहनाने सुटीच्या दिवशी केलेली मोजणी उपयोगाची नाही.

नावलौकिक आणि निकाल यांना महत्त्व आहे, पण किती, हे समजून घ्यावे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना सन २००० पासून अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ‘पिसा’ ही चाचणी घेत आली आहे. तिच्या निष्कर्षांत वारंवार दिसलेली गोष्ट अशी की, खासगी शाळांतील मुलांचे गुण सरासरीने अधिक असतात खरे, परंतु मुलांची आणि शाळेची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी हिशेबात घेतली की बहुतेक देशांत तो फरक बराच कमी होतो किंवा नाहीसा होतो. म्हणजे शाळेचा निकाल पाहताना त्यात शाळेचा वाटा किती आणि निवडून घेतलेल्या मुलांच्या घरांचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. दुर्बळ विद्यार्थी तुमच्याकडे आला तर दोन वर्षांत त्याच्यात काय फरक पडतो, असे विचारल्यास मिळणारे उत्तर निकालपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते.

तुमच्या यादीतील एक शाळा माँटेसरी पद्धतीची आहे, म्हणून थोडे पद्धतींविषयी. मारिया माँटेसरी यांनी पहिले ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, १९०७ मध्ये रोम येथे सुरू केले. तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात असणे आणि त्यांनी आपल्या गतीने साधनांवर काम करणे हा त्या पद्धतीचा गाभा आहे. त्यामुळे तुमचा पाच वर्षांचा मुलगा तीन वर्षांच्या चक्राच्या अखेरीस तिथे प्रवेश करील, आणि इतर मुलांना साधने ओळखीची असताना तो नवखा असेल, याची शाळेने काय तयारी केली आहे ते विचारावे. शिवाय पुष्कळ देशांत हे नाव कोणालाही वापरता येते, म्हणून शिक्षिकांचे त्या पद्धतीचे प्रशिक्षण झाले आहे का आणि वयोगट खरोखर मिश्र आहेत का, हे स्वतः पाहावे. वॉल्डॉर्फ शाळांचा उगम १९१९ मध्ये श्टुटगार्ट येथे रुडॉल्फ श्टाइनर यांच्या शाळेतून झाला; तिथे औपचारिक वाचन-लेखन साधारण सातव्या वर्षापर्यंत लांबवतात आणि एकच वर्गशिक्षक अनेक वर्षे मुलांसोबत राहतो. बुजऱ्या मुलाला ही दुसरी गोष्ट फार मोलाची ठरू शकते, मात्र शिक्षकाशी सूर जुळला नाही तर तीच अडचण होते. १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवण्यासाठी मात्र तिची रीतसर मान्यता लागते, आणि ती मान्यता असल्याचे तपासता येते. एखादी शाळा ‘मान्यतेच्या मार्गावर’ असल्याचे सांगत असेल, तर मान्यता अद्याप मिळालेली नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

वर्गातील विद्यार्थिसंख्या धाकट्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या प्रयोगात सुमारे ११,६०० मुलांना सोडत पद्धतीने लहान आणि नेहमीच्या वर्गांत विभागले होते. तेरा ते सतरा मुलांच्या वर्गांत सुरुवातीच्या इयत्तांत स्पष्ट लाभ दिसला. नेहमीच्या मोठ्या वर्गात केवळ एक मदतनीस वाढवल्याने तसा लाभ दिसला नाही. ‘तीस मुलांमागे दोन शिक्षक’ असे ऐकले की दुसरी व्यक्ती प्रशिक्षित शिक्षिका आहे की मदतनीस, हे विचारावे.

आता शाळा पाहण्याविषयी, कारण माझ्या मते निर्णयाचा सर्वांत मोठा भाग इथेच ठरतो. शाळेने पालकांसाठी आयोजित केलेल्या दिवशी जावेच, परंतु तेवढ्यावर थांबू नये. एखाद्या साध्या कामकाजाच्या दिवशी तास चालू असताना वर्गात मागे बसू देण्याची विनंती करावी. परवानगी मिळाली तर भिंतींवरील चित्रे आणि संगणककक्ष यांत वेळ न घालवता एकच गोष्ट पाहावी : एखाद्या मुलाने चुकीचे उत्तर दिले की पुढे काय होते. मी पाहिलेल्या एका वर्गात शिक्षिकेने विचारले, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एका मुलाने चतुर्थांश सांगितले, कारण चार तीनपेक्षा मोठे. शिक्षिकेने त्याला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या, एकीच्या तीन आणि दुसरीच्या चार घड्या घालायला सांगितल्या आणि संपूर्ण वर्ग शांतपणे थांबला. मुलाने घड्या घातल्या, पाहिले आणि स्वतःच उत्तर बदलले. दुसऱ्या एका शाळेत अशाच प्रसंगी शिक्षिका ‘पुढचा’ म्हणाल्या आणि चुकलेला मुलगा तास संपेपर्यंत मान खाली घालून बसला. दोन्ही शाळांची माहितीपत्रके जवळजवळ सारखीच होती. तुमच्या धाकट्यासारख्या मुलाला, ज्याला तोंड उघडण्यासाठीच धैर्य गोळा करावे लागते, या दोन वर्गांत पडणारा फरक फार मोठा असेल.

मधल्या सुटीतही थोडे थांबावे. एकटे बसलेले मूल कोणाच्या नजरेस येते का, ते पाहावे. मुख्याध्यापकांना गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले हे विचारावे, आणि त्यांनी उत्तर टाळले तर त्याची नोंद करावी. आमच्या मुलीच्या पहिल्या शाळेत एका वर्षात तीन वर्गशिक्षिका बदलल्या होत्या आणि त्याचे कारण आम्हाला कोणी सांगितले नाही. शाळेने गाठ घालून दिलेल्या पालकांशी बोलावे, पण शाळा सोडून गेलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोलता आले तर अधिक उत्तम.

अर्जाच्या बाबतीत मुदती हाच पहिला मुद्दा आहे. पुष्कळ शाळांची प्रक्रिया सत्रारंभाच्या आठ ते बारा महिने आधी सुरू होते. आर्थिक साहाय्याचा अर्ज अनेकदा वेगळा असतो आणि त्याची मुदत आधी संपते. तिन्ही शाळांच्या तारखा एका कागदावर मांडून शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे. थोरलीची मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि सध्याच्या शिक्षकांचे शिफारसपत्र लागेल. शिक्षकांना निदान तीन आठवडे आधी सांगावे आणि तिला दुसरीकडे का नेत आहात, हेही मोकळेपणाने सांगावे. सध्याच्या शाळेशी कटुता ठेवून निघू नये, कारण शाळा सोडल्याचा दाखला तिथूनच मिळणार आहे.

अर्जातील ‘आपल्या पाल्याविषयी लिहा’ या रकान्यात विशेषणांची रास लावू नये. ‘हुशार, चौकस, नेतृत्वगुण असलेली’ हे प्रत्येक अर्जात असते. तुमच्या मुलीने एखादे पुस्तक वाचून काय विचारले, एखाद्या गोष्टीत ती तासभर कशी गढून गेली, असा एक खरा प्रसंग चार ओळींत लिहिला तर वाचणाऱ्याला ती दिसते. आणि धाकट्याचे उशिरा बोलणे लपवू नये, ही माझी तळमळीची विनंती आहे. वाचा-तज्ज्ञांचा अहवाल असेल तर तो जोडावा, घरी तो किती आणि कशाविषयी बोलतो ते लिहावे, आणि प्रवेशभेटीच्या वेळी त्याला सरावायला दहा मिनिटे मिळावीत अशी आधीच लेखी विनंती करावी. ही माहिती वाचून एखादी शाळा मागे हटली, तर ती त्याच्यासाठी नव्हतीच. आणि लपवून मिळालेल्या प्रवेशानंतर त्याला लागणारी मदत मागताना तुमचीच अडचण होईल. त्याला भेटीसाठी उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. पाठ केलेले मूल पहिल्या अनपेक्षित प्रश्नाला अडखळते, आणि आपण नापास झालो असे पाचव्या वर्षी त्याला वाटू लागते.

प्रवेश मिळाल्याचे पत्र आले की आनंदाच्या भरात सही करू नये. वर्षाच्या मध्यात शाळा सोडल्यास उरलेले शुल्क भरावे लागते का, अनामत केव्हा आणि किती परत मिळते, शाळा कोणत्या कारणासाठी प्रवेश रद्द करू शकते, हे तीन परिच्छेद शांतपणे वाचावेत. प्रतीक्षायादीत नाव असेल तर आपला क्रमांक आणि मागील वर्षी त्या यादीतून किती मुलांना प्रवेश मिळाला, हे विचारावे.

दोन्ही मुले एकाच शाळेत असावीत का, असे आपण शेवटी विचारले आहे. सोय एका शाळेत आहे यात शंका नाही, आणि काही शाळा भावंडांना प्राधान्यही देतात. तरीही आपण दिलेल्या वर्णनावरून मला वाटते की थोरली तिन्ही शाळांपैकी कुठेही रुळेल, तर धाकट्यासाठी निवड नाजूक आहे. म्हणून आधी त्याची शाळा ठरवावी आणि मग तीच मुलीला चालते का, ते पाहावे. उलट क्रमाने जाऊ नये. मुलीशी या विषयावर जरूर बोलावे, तिला वर्ग दाखवावा, तिचे म्हणणे लिहून घ्यावे, मात्र अंतिम निर्णयाचा भार तिच्यावर टाकू नये.

धाकट्याच्या भेटीचा दिवस ठरला की त्याला भेटणाऱ्या शिक्षिकेचे नाव शाळेकडून आधी विचारून घ्यावे आणि ते घरी त्याच्याशी बोलताना सहज येऊ द्यावे. आमच्या मुलाच्या वेळी आम्ही एवढेच केले होते. दारात पोहोचल्यावर तो माझ्या मागे लपला, पण त्या पुढे आल्या तेव्हा त्याने हळूच त्यांचे नाव घेतले, आणि मग माझा हात सोडला.