पी मध्ये टाकूनही गाडी सरकते: गिअरबॉक्सच्या आधी केबल तपासा

पुण्यात बावधनला सोसायटीच्या रॅम्पवर तुमची ऑटोमॅटिक गाडी पी (पार्किंग) मध्ये असूनही कटकट आवाज करत थेट भिंतीपर्यंत गेली, आणि गॅरेजवाला आता गिअरबॉक्सचं ऑइल बदलू म्हणतोय. त्या ऑइलवर पैसे घालू नका. पी मध्ये गाडी ऑइलच्या दाबावर थांबत नाही. आत एक दातेरी चाक असतं आणि पी टाकला की पार्किंग पॉल नावाची लोखंडी खिट्टी त्याच्या खाचेत बसते. गाडी थोडी हलून टक्‌कन थांबली तर ते चालतं, कारण खिट्टीला खाच सापडेपर्यंत तेवढी जागा लागते. कटकट आवाज येत राहिला तर ती दातांवरून उड्या मारतेय, पूर्ण बसत नाहीये.

का बसत नाही? माझा पहिला संशय नेहमी केबलवर. गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाला बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचं बुश (छोटं कडं) असतं. ते झिजलं किंवा केबलचं सेटिंग हललं की लिव्हर पी वर दिसतो, पण गिअरबॉक्सवरचा आर्म, म्हणजे केबल ज्याला जोडलेली असते तो दांडा, अलीकडेच अडकतो. हे काही आपल्याकडच्या खड्ड्यांमुळेच होतं असं नाही. याच बुशपायी फोर्डने २०२२ मध्ये सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

तपासायचं ते सपाट जागेवर. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. बॉनेट उघडा, घरच्या कुणाला तरी लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही गिअरबॉक्सवरचा आर्म बघा. लिव्हर हलतोय पण आर्म ढिम्म किंवा उशिरा हलतोय, तर चोर सापडला. नाहीतर मेकॅनिककडून केबलचं टोक काढून आर्म हाताने शेवटपर्यंत पी कडे ढकलून घ्या. आता चाकांचे दगड थोडे लांब सरकवून, हँडब्रेक सोडून, एकाने फूटब्रेकपाशी बसून, गाडी ढकलून बघा. घट्ट राहिली तर दोष केबलचा. तरीही सरकली तर खिट्टी, तिची स्प्रिंग किंवा तिला ढकलणारा रॉड, म्हणजे गिअरबॉक्स उघडणं आलंच. ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा) तुटल्यावरही पी धरत नाही, पण मग गाडी डी (ड्राइव्ह) मध्येही चालली नसती. तुमची चालतेय. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र यातलं काहीच न करता थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

तोवर ती गाडी रॅम्पवर लावूच नका, कळकळीने सांगतो. संध्याकाळी तिथे पोरं खेळत असतात. सपाटीवरही हँडब्रेक आणि चाकाला दगड हवाच. दुरुस्तीनंतरही उतारावर हा क्रम पाळा: फूटब्रेक दाबून एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, फूटब्रेक हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा फूटब्रेक दाबून पी. सगळा भार त्या बोटाएवढ्या खिट्टीवर टाकत राहिलात तर लिव्हर पी मधून काढताना धाडकन आवाज येतो आणि ती झिजते.

बुश किंवा केबल नाना पेठेत बघा, पण जुनी वापरलेली केबल घेऊ नका. बसवल्यावर ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये स्टार्टर मारा. गाडी फक्त पी आणि एन मध्ये सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर सेटिंग अजून चुकलेलंच आहे, पैसे देण्याआधी ते करून घ्या.