मलिदा करू की नको?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ज्यू आजोबा राहतात. बाथरूममधून बाहेर आले की हात धुवून, पुसून दाराबाहेर क्षणभर उभे राहतात आणि काहीतरी पुटपुटतात. विचारायला संकोच वाटतो. ही कसली प्रार्थना असते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : संकोच करू नका, विचारा. ते आनंदानं सांगतील. या प्रार्थनेला ‘अशेर यात्सार’ म्हणतात. तिचा अर्थ साधारण असा : माणसाला तू शहाणपणानं घडवलंस, त्याच्या आत छिद्रं आणि पोकळ्या केल्यास. त्यातलं एक जरी उघडं पडलं किंवा एक जरी बुजलं, तरी तुझ्यासमोर उभं राहणं शक्य नाही.

मी लहानपणापासून ती म्हणत आले, पण पाढे म्हणावेत तशी. परिचारिका झाल्यावर काही वर्षं मूत्रविकारांच्या वॉर्डात होते. एका म्हाताऱ्या काकांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी सहाला नळी काढली. आता लघवी आपली आपण झाली तर घरी, नाहीतर पुन्हा नळी. आठ वाजले, दहा वाजले. काका पाणी पीत होते, बाथरूममध्ये जात होते आणि मान हलवत परत येत होते. मुलगा जिन्यात जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. पावणेबाराला काका भिंतीला धरून धरून बाहेर आले. हातात मोजायचं भांडं, त्यात दीडशे मिली. भांडं दोन्ही हातांनी पुढे धरून म्हणाले, “सिस्टर, झाली.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी चार्टवर वेळ आणि आकडा लिहिला, ड्युटीरूममध्ये गेले, हात धुतले आणि अशेर यात्सार म्हटली. शब्द तेच होते, पण त्यातलं ‘बुजलं’ हे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आम्हा ज्यूंमध्ये दिवसाला शंभर बराखा, म्हणजे आशीर्वचनं, म्हणायची रीत आहे. भाकरीवर, पाण्यावर, फळावर, विजेच्या लखलखाटावर. तालमुदात, म्हणजे आमच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, रब्बी (धर्मगुरू) मेयर यांच्या नावानं हा आकडा येतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, उभ्यानं म्हणायच्या प्रार्थनेत नेहमीच्या एकोणीसऐवजी सातच बराखा असतात. मग शंभर भरायला लोक वेगवेगळी फळं खातात, सुगंधी पानं हुंगतात. माझी आजी शनिवारी गुलाबाचं फूल जवळ ठेवायची, ते याचसाठी.

---

प्रश्न : शालोम मावशी. गेल्या महिन्यात पोयनाडहून अलिबागला जायला मी सहा आसनी रिक्षात बसले होते. रिक्षा सुटायच्या आत मनात आलं, गॅस बंद केला का? उतरले आणि घरी परतले. गॅस बंदच होता. माझ्या जागेवर मागे उभी असलेली एक भाजीवाली बाई बसली. पुढच्या वळणावर टेम्पोनं धडक दिली. त्या बाईचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. घरात सगळे म्हणतात, देवानं तुला हाक मारून उतरवलं. सासूबाई म्हणतात, आभाराचा मलिदा कर. पण माझी जीभ वळत नाही. मला उतरवणाऱ्यानं तिला बसवलं का? सकाळी उठल्यावरची आभाराची ‘मोदा अनी’ प्रार्थना म्हणतानाही अडखळते. आणि मला हिब्रू नीट येत नाही. मराठीत आभार मानले तर चालतात का? मी काय करू?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर देते. मराठी चालते. शेमा (देव एकच आहे ही कबुली), तेफिल्ला (उभ्यानं म्हणायची प्रार्थना), जेवणानंतरची आभाराची प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येते, हे मिश्ना या आपल्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातल्या सोटा भागात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या पूर्वजांनी 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, छापली, ती सगळ्यांना समजून म्हणता यावी म्हणूनच ना? तू मराठीत म्हण.

आता अवघड प्रश्न. मी बरीच वर्षं रविवारी मुलांना गोष्टी सांगायचे. त्यात रब्बी अकिवांची एक ठरलेली असायची. प्रवासात त्यांना गावात कुणी आसरा दिला नाही, म्हणून ते रानात झोपले. वाऱ्यानं दिवा विझला, मांजरानं कोंबडा खाल्ला, सिंहानं गाढव खाल्लं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, देव करतो ते भल्यासाठी. त्याच रात्री सैन्य आलं आणि गावकऱ्यांना कैद करून घेऊन गेलं. दिवा, कोंबडा, गाढव, काहीच उरलं नव्हतं म्हणून अकिवांचा पत्ता लागला नाही. एकदा गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “टीचर, आणि गावातली माणसं?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या दिवसापासून मी गोष्ट सांगताना एक बदल केला. ‘भल्यासाठी’ हे अकिवा स्वतःच्या दिव्याबद्दल म्हणाले, स्वतःच्या गाढवाबद्दल म्हणाले. गावकऱ्यांकडे बोट दाखवून नाही म्हणाले.

माझं म्हणणं एवढंच आहे. हश्गाखा, म्हणजे देवाची नजर आपल्यावर असणं, ही आपल्याच आयुष्याबद्दल म्हणायची गोष्ट आहे, तीही मागे वळून बघताना. दुसऱ्याच्या तुटलेल्या पायाचा अर्थ लावायचा अधिकार मला नाही, तुलाही नाही. ‘देवानं तुला उतरवलं’ असं म्हणणाऱ्यांचं मन चांगलं आहे, पण ते वाक्य अर्ध्यात सोडतात आणि उरलेलं अर्धं तुझ्या गळ्यात अडकतं. तू ते पूर्ण करायला जाऊ नकोस.

संकटातून सुटलेला माणूस सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, दहाजणांसमोर जी बराखा म्हणतो, तिला ‘गोमेल’ म्हणतात. चौघांनी ती म्हणायची असते : समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट ओलांडून आलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. स्तोत्र 107 मध्ये हे चौघे आहेत. तू गाडीत नव्हतीस, म्हणून ती तुला लागू नाही असंच बहुतेक हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, सांगतील. तरी तिचे शब्द बघ. ‘जो दोषी असलेल्यांचंही भलं करतो, त्यानं माझं भलं केलं.’ मी चांगली होते म्हणून वाचले, असं म्हणायची सोयच त्यात ठेवलेली नाही. वाचलेल्या माणसाला तोंड उघडताच आधी हेच म्हणावं लागतं की यात माझी लायकी कुठे नव्हती. मग तू वाचलीस यातून त्या बाईच्या लायकीबद्दल काहीच निघत नाही. या शब्दांनी मला फार वेळा आधार दिला आहे. वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटा असायच्या, एक घरी जायची, एक जायची नाही.

आणि आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, कोण आहोत, ते आठव. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, हे तू लहानपणापासून ऐकलं असशील. त्यापुढचं आपण भरभर सांगून टाकतो. बाकीच्यांची प्रेतं पाण्यावर आली आणि नवगावलाच त्यांना पुरलं. आपली परंपरा सांगते की पुरुषांचा एक ढिगारा आणि बायकांचा एक. त्या चौदा जणांपैकी कुणाच्या शेजारी गलबतावर कोण बसलं असेल? त्यांनाही तुझाच प्रश्न पडला असणार. पुढे तेलाचे घाणे लागले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावानं ‘शनिवार तेली’ नाव दिलं, पोथ्या गेल्या पण शेमा तोंडी राहिली. हे सगळं त्या दोन ढिगाऱ्यांच्या नंतरचं आहे. आपली सगळी जमातच कुणाच्या तरी शेजारून वाचलेल्यांची आहे, आणि तरी शेमा म्हणायची थांबली नाही. मी नवगावला जाते तेव्हा आधी तिथे उभी राहते.

सामाजी हसाजी दिवेकरांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ते कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. तिथून सुटले, आणि 1796 साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं आपली जुनी माणसं सांगतात. कैदेतून सुटलेल्या माणसानं आभार म्हणून एक दार बांधलं, आणि ज्यांनी कैद कधी पाहिली नाही असे हजारो लोक त्या दारातून आत गेले.

‘मोदा अनी’ म्हणताना अडखळतेस ना? हिब्रूत शब्दांचा क्रम बघ. आधी ‘मोदा’, म्हणजे आभार मानते, आणि मग ‘अनी’, म्हणजे मी. ‘मोदा’चा दुसरा अर्थ कबूल करते असाही आहे. याकोबाची बायको लेआ, तिनं चौथ्या मुलाचं नाव यहुदा ठेवलं तेही याच शब्दावरून, आणि त्यावरून आपण यहुदी. म्हणजे आपल्या नावातच कबुली आहे. तू सकाळी एवढंच कबूल करतेस की श्वास चालू आहे आणि तो मी कमावलेला नाही. त्यात टेम्पोचा हिशेब येत नाही. मराठीत तर ‘आभार’ शब्दातच भार दिसतो. तुला तो जाणवतोय, यात वावगं काही नाही.

आता मलिदा. कर. सासूबाई बरोबर सांगतात. पण आनंदाचा समारंभ म्हणून करू नकोस. पेसाखच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना आमच्या घरी प्रत्येक नावाला मनुकांच्या सरबताचा एक एक थेंब प्याल्यातून बाहेर टाकतात. आजी सांगायची, मिसरी बुडाले तीही देवाचीच लेकरं, म्हणून आपला प्याला थोडा रिकामा ठेवायचा. तालमुदातही आहे : देवदूत गायला निघाले तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडतेय आणि तुम्ही गाणं म्हणता? पण लक्षात घे, प्याला थोडा कमी केला तरी सेदेर, म्हणजे त्या रात्रीचा विधी, रद्द केला नाही. तुझा मलिदा तसा होऊ दे.

पोहे धुवून, निथळून मऊ कर. ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, बदामाचे काप, बेदाणे. ताटात ढीग रचून भोवती फळं मांड, वर गुलाब आणि सब्जाची डहाळी. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, गाणं झालं की घाईघाईनं वाटायला बसू नका. सब्जा हुंगून त्याची बराखा, खजुराची बराखा, केळ्याची बराखा. खजूर झाडाचं फळ, त्याची बराखा वेगळी, आणि केळ्याची जमिनीच्या फळाची, कारण केळीचं खोड खरं झाड नव्हे. केळं हातात धरलं की क्षणभर थांबून ठरवावं लागतं, हे कुठून आलं? मला तो थांबण्याचा क्षण फार प्रिय आहे. तुझी जीभ मोठ्या शब्दांना वळत नसेल, तर त्या दिवशी फक्त केळ्याचे आभार मान. पुरे आहे.

जेरुसलेमच्या मंदिराच्या काळात संकटातून सुटलेला माणूस आभाराचं अर्पण करायचा. त्याबरोबर चाळीस भाकऱ्या असत, आणि त्याच दिवशी-रात्री संपवाव्या लागत. चाळीस भाकऱ्या एका घराला संपत नाहीत, माणसं बोलवावीच लागतात. मलिद्याचंही तसंच, तो वाटल्याशिवाय पुरा होत नाही. म्हणून पहिलं ताट त्या बाईकडे जाऊ दे. तू स्वतः घेऊन जा.

कशी जायचीस, ते परिचारिका म्हणून सांगते. ड्रेसिंगच्या वेळी जाऊ नकोस, त्यानंतर दोन तास माणूस गळून जातो. संध्याकाळी जा. उभी राहू नकोस, स्टूल घेऊन तिच्या नजरेच्या उंचीला बस. चादरीखाली जिथे पाय नाही तिकडे बघायचं टाळायला जाऊ नकोस, नजर जाईल तशी जाऊ दे. ‘पाय नाही तरी बोटं दुखतात’ असं ती म्हणेल. तिला भास होतोय असं समजू नकोस, ते खरंच दुखतं. डॉक्टरांना सांगायला सांग, त्यावर औषध असतं. जखम भरली की जयपूर फूट बसवता येतो. तोवर उरलेल्या पायाला पट्टी नीट बांधत राहावी लागते आणि गुडघा आखडू द्यायचा नाही. त्यासाठी तिच्या घरात कुणी आहे का, ते विचार. नसेल तर आठवड्यातून दोनदा जायची तुझी तयारी असू दे. भाजीची टोपली आता कोण उचलतं, तेही विचार.

‘ती जागा माझी होती’ हे पहिल्या दिवशी सांगू नकोस. तुझं मन हलकं होईल आणि भार तिच्या खाटेवर जाईल. तिनं होऊन विचारलं, तर खोटं बोलू नकोस. आणि ‘देवाची इच्छा’ हे शब्द तिच्यासमोर तू उच्चारू नकोस. ते म्हणायचे की नाही, ते तिचं ती ठरवेल.

ताटावर सब्जाची डहाळी ठेवायला विसरू नकोस. इस्पितळातून आलेल्या माणसाला कितीतरी दिवस स्पिरिटचाच वास येत राहतो.