गोवा एवढासा, मग सगळे वेर्ण्यातच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत स्वस्तात शेड मिळतेय, फार्मा कंपन्यांना लागणारे मशीनचे सुटे भाग बनवायचेत, आणि गोवा तर एका दिवसात पालथा घालता येतो. मग दक्षिणेतल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीचं, जिथे औषध कंपन्या दाटल्यात, जादा भाडं कशाला? शिवाय स्वित्झर्लंड, तैवानसारख्या चिमुकल्या देशांतही एकेक धंदा एकाच कोपऱ्यात का दाटतो, हेही तुम्ही विचारलंय. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत टॅब्लेट विभागात मेन्टेनन्सला मी २६ वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

अंतर कमी असलं की कारखाने पसरतील असं वाटतं, पण घडतं उलट. मोठ्या देशात गिऱ्हाईक दूरदूर असतं, माल पोचवण्याच्या खर्चापायी ठिकठिकाणी कारखाने काढावे लागतात. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात कुठेही कारखाना टाका, मुरगाव बंदर किंवा मुंबईचा हायवे फार लांब पडत नाही. वाहतुकीचा मुद्दा असा बाजूला पडला की जागा ठरते ती एकाच गोष्टीवर: हे काम जाणणारी माणसं कुठे आहेत.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. गोळ्या दाबायच्या मशीनवर पंच आणि डाय असतात: डाय म्हणजे साचा, पंच म्हणजे त्यात पावडर दाबणारा दांडा. पंचाच्या तोंडावर बारीक ओरखडा आला की पावडर चिकटते आणि गोळीवरचं अक्षर पुसट उमटतं. एकदा सेकंड शिफ्ट संपता संपता हे सुरू झालं, बॅच थांबली. आमचा फिटर पंच कापडात गुंडाळून स्कूटरवरून इस्टेटमधल्याच एका पॉलिशवाल्याकडे गेला. त्याने शटर उघडलं, भिंगाखाली एकेक पंच तपासला, आणि सकाळच्या शिफ्टला मशीन चालू झालं.

त्या माणसाचं पोट आमच्या एका कंपनीवर भरत नव्हतं. आमचं वर्षाचं काम त्याला महिनाभरही पुरलं नसतं, त्याला अशी दहा-पंधरा गिऱ्हाइकं लागायची. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मोठ्या देशात असे कारागीर पाच शहरांत जगू शकतात. लहान प्रदेशात गिऱ्हाइकंच मोजकी. ती पांगली तर असा माणूस कुठेच टिकत नाही, आणि तो टिकला नाही की कंपन्यांना प्रत्येक पंच मुंबईला पाठवावा लागतो. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी धंदे एकाच जागी का दाटतात हे १८९० मध्येच मांडलं होतं: तयार कामगार, पूरक धंदे, आणि कामातल्या खुब्या एकमेकांच्या कानावर पडणं. चहाच्या गाड्यावर दुसऱ्या कंपनीचा फिटर भेटायचा आणि मॅन्युअलमध्ये नसलेली गोष्ट सांगून जायचा, तेव्हा मला ते तिसरं कारण पटायचं.

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात हिवाळाभर बर्फ. शेतकरी घरी बसून घड्याळाचे भाग करायचे, एका घरात एक भाग, दुसऱ्या घरात दुसरा. तिथलं ला शो-द-फों हे घड्याळवाल्यांचं गाव १७९४ च्या आगीनंतर नव्याने उभं राहिलं, तेव्हा कारागिरांच्या हातावर उजेड पडावा अशा बेताने रांगा आणि खिडक्या आखल्या गेल्या. २००९ मध्ये ते शेजारच्या ल लोक्लसह जागतिक वारसा यादीत गेलं. तैवानात सायकलचं तेच, ताइचुंगच्या आसपास. जायंट आणि मेरिडा या सायकल कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, पण २००३ मध्ये दोघांनी सुटे भाग पुरवणाऱ्यांसह एक गट बांधला, कारण पुरवठादार मेला तर दोघंही बुडणार होते.

मुळात कोपरा कुठला हे मात्र बऱ्याचदा योगायोगाने किंवा सरकारी सवलतीने ठरतं. गोव्यात औषध कंपन्या आल्या त्यात नव्वदीतल्या कर-सवलतीचा मोठा वाटा. पुढे २००३ मध्ये हिमाचलला तसंच सवलतींचं पॅकेज मिळालं आणि तिथल्या बद्दीकडे कंपन्यांची रीघ लागली. तरी वेर्णा, फोंड्याजवळचं कुंडई या वसाहती ओस पडल्या नाहीत. परदेशी तपासणीला तोंड देऊ शकणारे केमिस्ट आणि ऑपरेटर इथे तयार होते, आणि त्यांची घरं, मुलांच्या शाळा मडगाव-फोंड्याला होत्या.

दाटीचा तोटाही सांगायलाच हवा. झुवारीच्या काठाला, लोटलीच्या रासईपासून खाली, बार्ज, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी, बांधणारी यार्डं उभी राहिली ती खनिज नदीतून मुरगावला जायचं म्हणून. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि सगळ्यांची कामं एकदमच आटली. चांगले वेल्डर घरी बसलेले मी पाहिलेत, फार वाईट वाटायचं. बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली तेव्हा स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यातले १९७० च्या सुमाराचे ९० हजार रोजगार पंधरा वर्षांत ३० हजारांवर आले. एकाच धंद्यावर जगणाऱ्या जागेला हा धोका कायम असतो.

आता तुमच्यापुरतं. महिन्याच्या ऑर्डरप्रमाणे ठरलेले भाग बनवून द्यायचे असतील तर तुये चालेल, भाडं वाचवा. ब्रेकडाऊनचं काम हवं असेल तर रात्री तुमच्यासाठी पन्नासेक किलोमीटर कुणी येणार नाही, वेर्ण्यात लहानशीच का होईना जागा बघा. आणि शेडचा ॲडव्हान्स देण्याआधी ज्या टर्नरला (लेथवर काम करणाऱ्याला) मनात धरलंय त्याला विचारा, तुयेला येशील का? तो वेर्ण्याजवळच्या कुठ्ठाळीचा असेल तर तो काय म्हणेल, याचा अंदाज मला आहे.