बन्नीला ‘चराऊ कुरण’ म्हणावं का?

बडोद्याच्या वाडी भागातल्या एक ताई कच्छमधल्या बन्नी या गवताळ पट्ट्यावरचा गुजराती लेख मराठीत आणताहेत. ‘बन्नी हे मालधारींचं चराऊ कुरण’ (मालधारी म्हणजे तिथले गुरं पाळणारे) हे त्यांचं वाक्य वाचून पुण्याच्या भाच्याने विचारलं, ‘मावशी, तिथे घोटाळा झालाय का?’ मग कुरण, गायरान, गौचर यांतलं लिहायचं काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाच्याची चूक नाही. ‘भ्रष्टाचाराचं चराऊ कुरण’ आपण इतक्यांदा वाचलंय की, कुणीही यावं आणि ओरबाडावं, असाच अर्थ डोक्यात बसतो. मला हा वाक्प्रचार फार सलतो. कारण मराठीत कुरण ‘राखतात’. गवत कापणीला येईपर्यंत गुरं आत सोडायची नाहीत, ती जागा कुरण. पेशवाईत घोड्यांसाठी सरकारी कुरणं राखलेली असत, आणि जुन्नरजवळच्या एका गावाचं नावच कुरण आहे. चरायला मोकळं असेल तर ‘चराऊ’ असं वेगळं सांगावं लागतं, ते उगीच नाही.

गायरान निराळं. गावाच्या गुरांसाठी सोडलेली सामाईक जमीन म्हणजे गायरान, किंवा गुरचरण. गुजरातीतलं गौचर ते हेच. मूळ संस्कृत ‘गोचर’, म्हणजे गाय जिथवर चरते तिथवरचा मुलूख. पुढे नजर जिथवर पोचते ते दृग्गोचर झालं आणि इंद्रियांच्या टप्प्यात न येणारं ते अगोचर. माझी आजी हाताबाहेर गेलेल्या पोराला ‘अगोचर कार्टं’ म्हणायची. मला त्यात अजूनही गायरानाची हद्द ओलांडलेलं वासरू दिसतं. कुरणाच्या जवळचा गुजराती शब्द हवा असेल तर तो सौराष्ट्रातली ‘वीडी’. राखीव वीडीतलं गवत कापून साठवून ठेवतात.

बन्नी मात्र यांतल्या कशातच नीट बसत नाही. सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा तो पट्टा, 1955 मध्ये संरक्षित वन म्हणून जाहीर झालेला. तिथल्या म्हशी रात्रीच्या गारव्यात चरायला बाहेर पडतात आणि सकाळी धारेच्या वेळेला परततात. एकीकडचं गवत-पाणी आटलं की कळप दुसरीकडे हलतात, मागच्या रानाला उसंत मिळते. हे चालायचं तर जमीन मोकळी हवी, कुणी नांगर धरायचा नाही, कुंपण घालायचं नाही. 1960च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ, तिकडचा ‘गांडो बावळ’, फोफावली आणि गवत मागे हटलं. वर शेतीसाठी जमिनीला कुंपणं पडू लागली. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती मालधारींचीच संघटना, आणि 2021 मध्ये लवादाने अतिक्रमणं काढायचा आदेश दिला. ज्यांनी रान मोकळं राहावं म्हणून दाद मागितली, त्यांच्या जमिनीला लुटीचा शब्द कसा लावायचा?

तेव्हा ताई, ‘मालधारींनी राखलेलं सामाईक गवताळ रान’ असं लिहा. ‘मालधारी’ बदलू नका, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘माल म्हणजे गुरंढोरं’ एवढं सांगा, मराठीत माल म्हटलं की दुकानच आठवतं. लेखात ‘जींजवो’ आलं असेल, तर ते आपलं मारवेल गवत.