क्रीटहून आलेली पुडी

प्रश्न : मुलगा-सून ग्रीसच्या क्रीट बेटावर फिरून आले. येताना ‘दिक्तामो’ नावाच्या सुक्या पानाफुलांची पुडी आणली. दुकानदार म्हणाला, चहा करून प्या, सगळ्यावर चालतं. सुनेला तिसरा महिना आहे. तिने प्यावा का? आणि यातलं बी इथे रुजेल का? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आधी सुनेचं. तिला देऊ नका. जुने ग्रीक वैद्य ही वनस्पती अडलेल्या बाळंतपणात वापरत. एवढं कारण मला पुरे. तुम्ही मात्र कधीमधी एक कप घ्या. चिमूटभर पानांवर उकळतं पाणी ओता आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. आपल्या चहासारखं खळखळा उकळू नका, वास उडून जातो. ‘सगळ्यावर चालतं’ हे दुकानदाराचं बोलणं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

आता एक पान तळहातावर घ्या. गोलसर, राखाडी, वर लोकरीसारखी लव. चुरगाळून हुंगा. ओव्याची आठवण होईल. तुमच्या कुंडीतल्या पानओव्याची ही लांबची बहीण. दोघी तुळस-पुदिन्याच्या कुळातल्या आणि दोघींच्या तेलात कार्व्हाक्रॉल हे वासाचं द्रव्य. शास्त्रीय नाव ओरिगॅनम डिक्टॅम्नस. नुसतं ‘डिक्टॅम्नस’ शोधाल, तर लिंबाच्या कुळातलं भलतंच रोप समोर येईल.

रानात ही फक्त क्रीटमध्येच सापडते, तीही घळींतल्या चुनखडीच्या उभ्या कड्यांवर, फटींत. तिथे तिला ‘एरोन्दास’ही म्हणतात, त्यात ‘प्रेम’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. पोरं जीव धोक्यात घालून कडे चढत आणि प्रेयसीला ही जुडी नेऊन देत. बाण लागलेल्या रानबकऱ्या हा पाला खातात आणि बाण गळून पडतो, असं ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय. (मला वाटतं, बकऱ्यांना पाला आवडत असावा, बस्स.) ओरबाडून ओरबाडून रानातली दुर्मीळ झाली, म्हणून आता एम्बारोससारख्या गावांत तिची शेती करतात.

बियांचं म्हणाल, तर पुडीतून काही उगवेल ही आशा सोडा. रोप मिळालं तरी पंचाईत आहेच. क्रीटला पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्या आषाढात लवेत पाणी साचून राहील आणि बुंधा कुजेल. मी साध्या ओरिगॅनोच्या दोन कुंड्या अशाच घालवल्या, तिसरी पत्र्याखाली ठेवली तेव्हा जगली. तुम्ही आपली पानओव्याची फांदी खोचा. आठवड्या-दोन आठवड्यांत मूळ धरते, आणि भजी होतात ती वेगळीच.