नेपाळच्या उंच जिल्ह्यांत समाज, आरोग्य आणि वन्यजीव यांवर एकत्र संशोधन करायचं असेल तर तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएच.डी.साठी नेपाळमधल्या एखाद्या उंच जिल्ह्यात लोकांचं आरोग्य, त्यांचं जगणं आणि हिमबिबट्यासारखे प्राणी यांचा एकत्रित अभ्यास करायचा आहे. परवानग्या कोणत्या, पद्धत काय आणि चुका कुठे होतात? या विषयातल्या माहितीवरून लिहितो आहे.

आधी विषय लहान करा. ‘समाज, आरोग्य आणि वन्यजीव’ असं तिहेरी नाव घेऊन गेलात तर तीन अर्धवट अभ्यास हाती येतील. तिन्ही गोष्टी आपोआप येतात असा एकच प्रश्न शोधा. उदाहरणार्थ, मनांग जिल्ह्यातले मोकाट कुत्रे. रेबीजमुळे ते माणसांच्या आरोग्याचा प्रश्न आहेत. डिस्टेंपरसारखा विषाणू त्यांच्याकडून जंगली मांसभक्षकांपर्यंत पोचू शकतो. ते नाऊरांच्या, म्हणजे निळ्या मेंढ्यांच्या, कळपामागे लागतात आणि पाळीव वासरंही मारतात, पण मारलेल्या वासराचा आरोप पुष्कळदा हिमबिबट्यावर जातो. कुत्र्यांना खायला कोण घालतं आणि त्यांना मारायला विरोध का होतो, हा समाजशास्त्राचा भाग. असा एक विषय तीन बाजूंनी नीट पाहता येतो.

परवानग्यांना मी किमान सहा महिने धरेन. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही, म्हणून संशोधनालाही काही लागत नाही असा गैरसमज आपल्याकडे आहे. माणसांच्या आरोग्याशी संबंधित कोणत्याही अभ्यासाला नेपाळ आरोग्य संशोधन परिषदेच्या नैतिक समितीची मंजुरी हवी. ‘नेपाल स्वास्थ्य अनुसन्धान परिषद’ असं तिचं तिथलं नाव, स्थापना १९९१ ची. परदेशी संशोधकाला नेपाळी सहसंशोधक लागतो. भारतातल्या विद्यापीठाच्या समितीची मंजुरी तिथे पुरत नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षण क्षेत्रांत प्राण्यांवर काम करायचं तर काठमांडूच्या बबरमहलमधला राष्ट्रीय निकुंज तथा वन्यजंतू संरक्षण विभाग परवानगी देतो. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं (७,६२९ चौ. किमी, देशातलं सगळ्यात मोठं) व्यवस्थापन राष्ट्रीय प्रकृती संरक्षण कोषाकडे आहे, म्हणून विभागाचं पत्र घेऊन त्यांच्याकडेही जावं लागतं. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या जंगलासाठी वन विभाग वेगळा. नार-फू, वरचं मुस्तांग, वरचं डोल्पो ही निर्बंधित क्षेत्रं आहेत आणि तिथला प्रवेश परवाना या सगळ्याहून निराळा. ड्रोनची परवानगी आणखी वेगळी, आणि ड्रोन खरोखर लागतो का ते स्वतःला विचाराच. शेवटी गावपालिकेचं पत्र घ्यायला विसरू नका. २०१७ पासून आरोग्य चौकी, शाळा, स्थानिक रस्ते पालिकेच्या हाती आहेत, आणि वॉर्डाध्यक्षाला न भेटता सुरू झालेलं सर्वेक्षण दुसऱ्या दिवशी बंद पडतं.

आता मुख्य गोष्ट. तुमचा नमुना कागदावर तुम्ही निवडता, पण प्रत्यक्षात तो उंची, रस्ता आणि महिना हे तिघं निवडतात. हिवाळ्यात मनांग-मुस्तांगमधली बरीच कुटुंबं पोखरा-काठमांडूकडे उतरतात. त्या वेळी घरोघर फिरलात तर भेटतात म्हातारी माणसं आणि खाली जाणं न परवडणारी घरं. मे-जूनमध्ये डोल्पा जिल्ह्यातली गावं यार्सागुम्बा, म्हणजे अळीवर उगवणारी औषधी बुरशी, गोळा करायला वर जातात, मुलं आईबापांबरोबर जात असल्यानं शाळाही बंद असतात. उन्हाळाभर याक आणि चौंरी (याक-गाईचा संकर) यांचे कळप वरच्या खर्कांवर, म्हणजे डोंगरी कुरणांवर, आणि गुराखी तिथल्या गोठांवर. गावात मुलाखती घेऊन ‘जनावरांचं नुकसान’ मोजायचं तर ज्याच्या डोळ्यांसमोर ते घडलं तो माणूसच यादीत नसतो. दसैं-तिहारला, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीला, बाहेरगावची मंडळी परततात, पण तेव्हा सरकारी कार्यालयं बंद आणि घरोघरी पाहुणे. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २१.९ लाख नेपाळी परदेशात असल्याची नोंद आहे, त्यांत बहुसंख्य पुरुष. त्यामुळे ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात कोणाला धरायचं हे प्रश्नावली छापण्याआधी लिहून ठेवा: निर्णय घेणारा, पैसे पाठवणारा की घरात राहणारा.

माझी शिफारस अशी: दोन फेऱ्या ठेवा, एक मार्च-एप्रिलमध्ये, एक ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, सण संपल्यावर. प्रत्येक घरासाठी ‘आज घरात कोण, वर खर्कावर कोण, खाली शहरात कोण, परदेशात कोण’ असे चार रकाने भरा. वर आणि खाली गेलेल्यांपैकी काही जणांना मुद्दाम तिथे जाऊन भेटा. यात वेळ आणि पैसा जातो, पण याशिवाय मिळणारे आकडे रस्त्यालगतच्या नेपाळचे असतात. पावसाळ्याचंही सांगतो. वरचं मुस्तांग आणि डोल्पो पर्जन्यछायेत असल्यानं जुलै-ऑगस्टमध्ये तिथे काम होऊ शकतं, अडचण पोचण्याची असते: बेनी-जोमसोम आणि बेसीशहर-चामे या रस्त्यांवर त्याच दिवसांत दरडी कोसळतात. येण्याजाण्यात आठवडाभर मोकळा ठेवा.

भाषा आणि मोजमापं. लिपी देवनागरी असल्यानं आपल्याला पाट्या वाचता येतात आणि नेपाळी बरीच कळते, त्यातून खोटा आत्मविश्वास येतो. २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी होते. उत्तरेकडच्या गावांत तिबेटी वळणाच्या बोलीत मुलाखत होते, तेव्हा दुभाषी त्याच गावचा नको. शेजाऱ्यापुढे कोणी कर्ज, दारू किंवा पाळीची गोष्ट सांगत नाही. शेजारच्या खोऱ्यातला, शक्य तर बाईसाठी बाईच, असा दुभाषी घ्या.

वय विचारताना जन्मसाल विक्रम संवतात येतं. नेपाळचा संवत सौर आहे, तो वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्यावर बदलतो. गुजराती दिनदर्शिकेतला कार्तिकात सुरू होणारा संवत लावू नका. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतच्या तारखेतून ५७ वजा करा, त्यापुढे चैत्रअखेर ५६. नेमकी तारीख हवी असेल तर तक्ताच लागतो, कारण महिन्याचे दिवस २९ ते ३२ असे दरवर्षी बदलतात. पाच वर्षांखालच्या मुलांचं वय महिन्यांत काढताना इथली एक चूक कुपोषणाचं प्रमाण वरखाली करते. गुरुंग, तामाङ, शेर्पा वृद्धांना साल आठवत नसेल तर ‘ल्हो’ विचारा. बारा प्राण्यांच्या चक्रातलं वर्ष बहुतेकांना ठाऊक असतं, आणि उरलेली बारा वर्षांची शंका पहिल्या मुलाच्या वयावरून मिटते. जमीन डोंगरात रोपनीत मोजतात (सुमारे ५०९ चौ. मी.), तराईत बिघ्यात. धान्य मुरी-पाथी-मानात: ८ माना म्हणजे १ पाथी, २० पाथी म्हणजे १ मुरी. ही आकारमानाची मापं आहेत, म्हणून एक मुरी भात आणि एक मुरी मका यांचं वजन सारखं धरलं की उत्पन्नाचा हिशेब बिघडतो. जुन्या आकडेवारीशी तुलना करणार असाल तर २०१७ ची पुनर्रचना लक्षात घ्या. आधीच्या गाव विकास समित्या (गाविस) जाऊन ७५३ स्थानिक पालिका आल्या, जिल्हे ७५ चे ७७ झाले. गावांची नावं जुळवण्याचं काम आधीच उरकून घ्या.

आरोग्याच्या बाजूला सगळ्यात मोठा सापळा हिमोग्लोबिनचा. उंचीवर ते वाढतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना मोजलेल्या आकड्यातून उंचीनुसार वजावट सुचवते. २०२४ च्या मार्गदर्शनात ३,५०० ते ३,९९९ मीटरसाठी ती २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. म्हणजे ३,८०० मीटरवरच्या, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १३.५ आलं तर दुरुस्तीनंतर ११ उरतं, आणि १२ च्या रेषेखाली गेल्यानं ती रक्तक्षयी ठरते. पण तिबेटी वंशाच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुकूलनामुळे उंचीवरही हिमोग्लोबिन फारसं चढत नाही. ईपीएएस१ या जनुकाचा त्यातला वाटा २०१० मध्ये पुढे आला. त्यांना हीच वजावट लावली की निरोगी बायका कागदावर आजारी होतात. त्याच गावात राहणारा, खालून आलेला शिक्षक मात्र वेगळ्या गटात मोडतो. म्हणून मूळ आकडा, जागेची उंची, समुदाय आणि तिथे किती वर्षं वास्तव्य हे चारही नोंदवा, निष्कर्ष दुरुस्तीसह आणि दुरुस्तीशिवाय असे दोन्ही द्या, आणि जमलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासा. त्याबरोबर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) घ्यावंच लागतं, कारण जंतुसंसर्गात फेरिटिन फुगतं. बोट टोचून मोजायची यंत्रं १० अंश सेल्सियसखाली वापरू नका. यंत्र आणि क्युव्हेट (रक्ताचा थेंब घ्यायची छोटी पट्टी) अंगावरच्या जॅकेटच्या आत ठेवा. पहिला थेंब पुसून टाका, थंड बोट पिळू नका, आधी कोमट पाण्यात धरा. ऑक्सिमीटरलाही हेच लागू. पाच मिनिटं बसवून मग वाचा, आणि ४,००० मीटरवर निरोगी रहिवाशाचा आकडा ८५ ते ९० च्या आसपास दिसला तर घाबरून हेलिकॉप्टर बोलावू नका.

गावात शिरायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका. १९८८ पासूनची ही योजना आहे, देशभर पन्नास हजारांहून अधिक बायका त्यात आहेत, आणि त्यांना पगार नाही. त्यांचा दिवस घेतलात तर मजुरी द्या, अंदाजपत्रकात तशी ओळ आधीच ठेवा. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत पाळीच्या दिवसांत गोठ्यात झोपवण्याच्या प्रथेबद्दल, म्हणजे छाउपडीबद्दल, विचारणार असाल तर ध्यानात ठेवा की सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि ऑगस्ट २०१८ पासून तिला कैद व दंडाची शिक्षा आहे. ‘तुमच्याकडे पाळतात का’ याचं उत्तर आता ‘नाही’च येतं. ‘मागच्या पाळीत कुठे झोपलात, दूध घेतलंत का, पाणी कुठून भरलंत’ असं विचारा. आणि घराचा नंबर त्या उत्तरांना जोडून ठेवू नका.

आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा. २०२५ मध्ये नेपाळनं देशातल्या हिमबिबट्यांचा अंदाज ३९७ जाहीर केला. असा आकडा काढताना आधी नकाशावर साधारण ४ × ४ किमीचे चौकोन आखतात. चौकोनात कॅमेऱ्याची जागा शोधताना कड्याच्या पायथ्याची वाट, धारेवरची खिंड, आणि जिथे प्राणी पुन्हापुन्हा जमीन खरवडतो किंवा खडकावर मूत्र फवारतो त्या खुणा पाहतात. कॅमेरा जमिनीपासून ४०-५० सेंमी उंचीवर, वाटेपासून २-३ मीटरवर, तोंड उत्तर किंवा दक्षिणेकडे, नाहीतर उगवतीच्या उन्हानं रिकामे फोटो भरतात. समोरचं गवत मुळापासून काढा. लिथियम बॅटऱ्याच वापरा, अल्कलाइन थंडीत बसतात. प्रत्येक कॅमेऱ्यावर तारीख-वेळ जुळवून, पाटी हातात धरून पहिला फोटो घ्या. घड्याळ एका वर्षानं चुकलेला कॅमेरा पूर्ण चौकोन वाया घालवतो. मुदत ४५ ते ६० दिवस ठेवा. त्याहून लांबली तर त्या काळात प्राणी बाहेरून आले-गेले नाहीत हे गृहीतक टिकत नाही.

खरी गफलत मात्र फोटो ओळखण्यात होते. ठिपक्यांवरून प्राणी ओळखायचा, पण डावी-उजवी बाजू वेगळी असते, शेपटी हलते, हिवाळी केस ठिपके झाकतात. प्राणिसंग्रहालयांतल्या १६ ओळखीच्या हिमबिबट्यांचे फोटो आठ जणांना देऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत सुमारे १२.५ टक्के नोंदी चुकल्या आणि संख्येचा अंदाज सरासरी एक तृतीयांश फुगला. एकाच प्राण्याचे दोन धरणं ही सगळ्यात महागडी चूक. म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे ओळख करायची, मतभेद असलेले फोटो गाळायचे, आणि किती गाळले ते लिहायचं. दुसरी चूक निवडीची: फक्त चांगल्या खोऱ्यांत कॅमेरे लावून आलेली घनता पूर्ण जिल्ह्याला लावतात. कमी आशेचे चौकोनही घ्या. विष्ठेवरून आहार काढणार असाल तर जनुकीय खात्रीशिवाय लिहू नका, कोल्ह्याची विष्ठा हिमबिबट्याची म्हणून सर्रास उचलली जाते. नमुने सिलिकात सुकवा आणि शक्यतो काठमांडूतल्याच प्रयोगशाळेत तपासून घ्या, सीमेपार नेण्याची मंजुरी वेगळी आणि वेळखाऊ असते.

जनावरांच्या नुकसानीसाठी ‘मागच्या ल्होसारपासून (तिथल्या नववर्षाच्या सणापासून) या ल्होसारपर्यंत’ असा काळ बांधून द्या, आणि आधी एकूण किती जनावरं गेली ते विचारा. मग कारणं: आजार, कडा, बर्फ, चोरी, लांडगा, कुत्रे, हिमबिबट्या. पहिल्याच प्रश्नात हिमबिबट्याचं नाव घेतलंत तर सगळं त्याच्या खात्यावर जमा होतं. ताजं मढं मिळालं तर दोन दिवसांच्या आत पाहा: गळ्यावर दातांच्या खोल खुणा आणि कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी मारलेलं, नसेल तर मेलेलं खाल्लेलं. मागच्या पायांवर आणि बगलेवर अनेक चावे असतील तर कुत्रे किंवा लांडगा.

कॅमेऱ्यात माणसंही येतात: लाकडं आणणाऱ्या बायका, गुराखी, कधी फास लावणारे. त्या फोटोंचं काय करणार हे कॅमेरे लावण्याआधी गावसभेत ठरवा आणि लिहून घ्या. माणसांचे फोटो खोडणार असाल तर गावातल्या दोघांसमोर खोडा. आणि प्रबंधात कॅमेऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापू नका, चौकोनाचा क्रमांक पुरे. कस्तुरीमृगाच्या शिकाऱ्यालाही प्रबंध वाचता येतो. अहवालाची नेपाळी प्रत पालिकेला, आरोग्य चौकीला आणि संरक्षण क्षेत्राच्या कार्यालयाला द्यायची असते, तिच्या भाषांतराचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.