वाचक विचारतात : लॅपटॉप ठणठणीत, मग अडलंय कुठे?

प्रश्न : ताई, माझं वय ६४. लॅपटॉप नऊ वर्षांचा, पण कुरकुर न करता चालतो. विंडोज १० आहे, विंडोज ११ मात्र बसत नाही म्हणतो. मुलगा म्हणतो, ‘लिनक्स टाक, फुकट आहे.’ मला पत्रं लिहायची असतात, घरचा हिशेब ठेवायचा असतो, नातीशी व्हिडिओवर बोलायचं असतं. मराठी मी इनस्क्रिप्टनं टाइप करते. हे सगळं जमेल का? आणि बिघडलं तर कुणाला हाक मारू?

उत्तर : लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी दुसरी सिस्टिम. मुलगा बरोबर सांगतोय, फक्त शेवटची पायरी आधी सांगतोय.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे लॅपटॉप संपला असं नाही, सुरक्षेची ठिगळं यायची थांबली. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळण्याची सोय ठेवली आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच लागतो. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा त्या यादीत नाही, बाकी त्याची काही चूक नाही.

आता माझं ऐका. पहिले दोन महिने विंडोज काढूच नका. आहे त्याच विंडोजवर लिखाण-हिशेबासाठी लिब्रेऑफिस आणि इंटरनेटसाठी फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या. दोन्ही लिनक्ससारखीच मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड, आतली लिखित कृती, कुणालाही वाचता येते; आणि दोन्ही लिनक्सवरही असेच दिसतात. पत्रं लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये लिहा, हिशेब त्याच्याच कॅल्कमध्ये ठेवा. जे अडतं ते वहीत टिपून ठेवा. माणूस बिथरतो तो बहुतेक वेळा सिस्टिममुळे नाही, रोजचं बटण जागेवर सापडत नाही म्हणून. ती चिडचिड आधी ओळखीच्या घरात होऊन जाऊ दे.

दोन महिन्यांनी एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. ‘रिकामा’ म्हणजे त्यावरचं सगळं पुसलं जाणार असं धरूनच. मुलाला त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे नवख्यांना सोपं जाणारं लिनक्स, चढवायला सांगा आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. आतल्या डिस्कला धक्का न लावता अख्खी सिस्टिम समोर उभी राहते. पेनड्राइव्हवरून चालते म्हणून जरा रेंगाळते, तेवढं सोसा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात तुम्ही दिसता का, प्रिंटर पान काढतो का, हे सगळं तिथेच तपासा. नातीला खरोखरचा कॉल लावा; गूगल मीट ब्राउझरमध्येच चालतं, झूमचं लिनक्ससाठी वेगळं ॲप आहे. प्रिंटर इथे अडून बसला, तर लिनक्स कायमचं बसवल्यावरही तो अडूनच बसेल. तेव्हा उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मराठीची काळजी करू नका. इनस्क्रिप्टची मांडणी तीच राहते : इंग्रजी J ची कळ दाबली की र, शिफ्ट धरून तीच दाबली की ऱ. मी नव्या मशीनवर पहिले दोन शब्द ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहिते. दोन्ही वेगळे आणि नीट उमटले, की पुढचं काम सुरू. मी टाइपरायटरवर बोटं झिजवलेली बाई आहे, एवढा हेका मला परवडतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला नक्की दचकवेल. माझं एक पानभर पत्र मी लिनक्सवर उघडलं, तर मजकूर पहिल्या पानावर आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसलेली. कारण साधं होतं. विंडोजवर पत्र मंगल फॉन्टमध्ये होतं. तो मायक्रोसॉफ्टचा, लिनक्समध्ये तो सोबत येत नाही. त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट आला, अक्षरांची रुंदी बदलली, ओळी वाढल्या. इंग्रजी पत्रांत हे कमी जाणवतं, कारण कॅलिब्री या इंग्रजी फॉन्टच्या जागी कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट मिळतो, त्याची अक्षरं नेमकी तेवढ्याच रुंदीची आहेत. मराठीसाठी मी नोटो सॅन्स देवनागरी धरलाय, आणि बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवते. सही तेव्हापासून जागेवर आहे.

आता लिनक्स लॅपटॉपच्या डिस्कवर बसवण्याबद्दल. इथे माझी फजिती सांगते. माझ्या जुन्या संगणकात दोन डिस्क होत्या, दोन्ही सारख्याच आकाराच्या. पडद्यावर त्यांची नावं आली एसडीए आणि एसडीबी. ‘इरेझ डिस्क’ हे मला वाटलं पेनड्राइव्हबद्दल असेल. पाच वर्षांचा हिशेब गेला. दोष कुणाचाच नव्हता, माझ्या घाईचा होता. म्हणून फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क काढून कपाटात ठेवा, मगच बसा. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ असाही पर्याय येतो. जागा असेल तर सुरुवातीला तोच निवडा.

बिघडलं तर? मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, ते सिस्टिमची आधीची अवस्था परत आणतं. पण तुमच्या फायली ते सहसा धरत नाही, त्या तुम्हीच जपायच्या. आणि हाक मुलालाच मारा, कल्पना त्याची आहे.

प्रश्न : लिनक्ससारख्या ज्या सॉफ्टवेअरचा कोड जगात कुणीही वाचू शकतो, ते सुरक्षित कसं? चोराच्या हाती घराचा नकाशा दिल्यासारखंच की!

उत्तर : शंका रास्त आहे, आणि २०२४मध्ये ती जवळजवळ खरी ठरली होती. एक्सझेड नावाचं फायली आवळून लहान करणारं छोटं साधन बहुतेक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा माणूस मुख्यतः एकटा, थकलेला. ‘जिया टॅन’ नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला, आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. पकडला कसा? आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं, की दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मागे लागला, धागा उसवत गेला आणि २९ मार्च २०२४ला त्यानं ते जाहीर केलं. तेव्हा तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये, बरं का.

यात नशीबही होतं, ते मी नाकारणार नाही. पण त्याला तपासायला सगळं हातात मिळालं, कुणाची परवानगी मागावी लागली नाही. बंद कोडमध्ये ‘हळू चालतंय’ अशी तक्रार लिहून वाट पाहत बसला असता. तुमच्यापुरतं एवढंच करा : प्रोग्रॅम सिस्टिमच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, कुठल्याशा साइटवरून उतरवू नका, आणि अपडेट आलं की टाळाटाळ नको.

प्रश्न : मी २३ वर्षांचा. आई बाहेरगावी गेली असताना तिच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. आता तो दुप्पट वेगानं चालतो. तिनं आभार मानायचे सोडून अबोला धरलाय. माझं काय चुकलं?

उत्तर : अरे बाळा, विचारलं नाहीस, हेच चुकलं. तुझ्या आठ ओळींच्या पत्रात वेग आहे, पण आई त्यावर काय करते याचा एक शब्द नाही.

आज संध्याकाळी तिच्या शेजारी बस आणि माऊस तिच्या हातात राहू दे. ती सकाळी पहिलं काय उघडते, फायली कुठे ठेवायची, कुठले पासवर्ड ब्राउझरनं लक्षात ठेवले होते, हे विचार आणि लिहून घे. तिच्या कामाचा एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालत असेल, तर कुरकुर न करता विंडोज परत टाक. मला लिनक्स कितीही आवडत असलं, तरी हेच सांगेन. आणि डेस्कटॉपवर तिनं लावलेला फोटो कुठे आहे ते बघ. तो गेला असेल, तर तिला कळायच्या आधी तूच सांग.